गेटवेहून घारापुरी : मुंबई बंदरातील बेटांवर प्रथमच जाणाऱ्यांसाठी

मुंबई बंदरात लहानमोठी बेटे अनेक आहेत, परंतु सर्वसामान्य प्रवाशाला तिकीट काढून उतरता येईल असे त्यांतले बेट घारापुरी हेच. जवाहर द्वीपावर तेलवाहू जहाजांचे धक्के आहेत, तर मिडल ग्राउंड आणि ऑयस्टर रॉक ही बेटे नौदलाच्या ताब्यात आहेत. ती लाँचमधून पाहता येतात, तेथे पाय ठेवता येत नाही. त्यामुळे या लेखाचा मोठा भाग घारापुरीविषयी आहे आणि बंदराच्या पूर्व किनाऱ्यावरील मोरा व बंदराबाहेरील खांदेरी यांची माहिती शेवटी थोडक्यात दिली आहे. घारापुरी ही एका दिवसात होणारी सोपी सहल आहे, पण नवखा प्रवासी तिची आखणी घड्याळाकडे पाहून करतो. प्रत्यक्षात येथे भरती-ओहोटी आणि दिवसाचा उजेड यांचेच वेळापत्रक चालते. ते ध्यानात घेऊन निघाले, तर लेण्यांसाठी पुरेसा आणि निवांत वेळ मिळतो.

दिवस कसा निवडावा

सोमवारी लेणी बंद असतात, हे सर्वांत आधी लक्षात ठेवावे. रविवारी आणि सार्वजनिक सुट्ट्यांना गर्दी इतकी असते की मुख्य शिल्पासमोर शांतपणे उभे राहणे अवघड होते. शक्य असेल तर मंगळवार ते शुक्रवार यांपैकी दिवस निवडावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. मार्चपासून उकाडा वाढतो आणि दुपारनंतर वाऱ्याने पाणी खवळू लागते, म्हणून उन्हाळ्यात जायचे झाल्यास सकाळच्या पहिल्या लाँचने जाऊन दुपारी लवकर परतणे श्रेयस्कर. पावसाळ्यात गेटवे ते मांडवा ही सेवा ऑगस्टअखेरपर्यंत बंद असते. घारापुरीच्या लाँच समुद्राच्या स्थितीनुसार सुटतात किंवा सुटत नाहीत, त्यामुळे त्या दिवसांत बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन केवळ या सहलीच्या भरवशावर मुंबईत येऊ नये.

भरती-ओहोटीचा विचार फारसा कोणी करत नाही, आणि माझ्या मते चढण्या-उतरण्याची निम्मी दगदग त्यामुळेच होते. गेटवेच्या खालच्या दगडी पायऱ्या भरतीला पाण्याखाली असतात आणि लाँच वरच्या कोरड्या पायरीला लागते. ओहोटीला खालच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवरून उतरून लाँचवर पाऊल टाकावे लागते. तरुणांना याचे काही वाटत नाही, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा फरक मोठा असतो. भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा : त्या दिवशीच्या तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणावे, म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशोब तोच. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. मुंबईत प्रत्यक्ष वेळ यापेक्षा थोडी पुढेमागे असते, म्हणून निघण्याआधी भरतीच्या वेळांच्या तक्त्यातून ती पडताळून घ्यावी. दिवस निवडण्यापुरता मात्र हा हिशोब पुरतो. घरातली वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर एकादशी-द्वादशीच्या सुमाराचा दिवस सोयीचा, कारण सकाळी लाँचवर चढताना पाणी भरलेले असते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाण्याची चढउतार सर्वाधिक असते आणि संध्याकाळी परतताना ओहोटी अगदी खोलवर गेलेली असते. अष्टमीच्या आसपास, ज्याला भांग म्हणतात त्या दिवसांत, ही चढउतार सर्वांत कमी असते.

गेटवेला पोहोचणे आणि तिकीट काढणे

पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांनी चर्चगेटला आणि मध्य किंवा हार्बर मार्गाने येणाऱ्यांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून बेस्टची बस किंवा टॅक्सी करावी. मेट्रो ३ ने आल्यास हुतात्मा चौक स्थानकावरून चालतही जाता येते. गेटवेच्या आवारात शिरताना सामानाची तपासणी होते आणि सुट्टीच्या दिवशी तिची रांग लांबते. पहिली लाँच सकाळी नऊच्या सुमारास सुटते. साडेआठला आवारात असावे, असे मी आवर्जून सांगेन. दुपारी दोननंतर घारापुरीकडे जाणाऱ्या लाँच मिळण्याची खात्री धरू नये, आणि मिळाली तरी लेण्यांसाठी वेळ उरत नाही.

तिकीट लाँचमालकांच्या सहकारी संस्थेच्या खिडकीवरच घ्यावे. आवारात फिरणारे काही विक्रेते ‘बोट, बोट’ म्हणत जे तिकीट पुढे करतात ते बहुतेक वेळा बंदरातील अर्ध्या तासाच्या फेरीचे असते. ती फेरी कोठेही न उतरवता प्रवाशांना गेटवेला परत आणते. म्हणून ‘घारापुरीचे, जाण्यायेण्याचे तिकीट’ असे स्पष्ट शब्दांत मागावे. परदेशी पाहुणे बरोबर असल्यास ‘एलिफंटा’ हे नाव सांगावे, खिडकीवर दोन्ही चालतात. जाण्यायेण्याचे भाडे अडीचशे रुपयांच्या आसपास असते आणि दर वेळोवेळी सुधारले जातात. तिकिटाचा परतीचा भाग संध्याकाळी दाखवावा लागतो, तो जपून ठेवावा. ज्या लाँचने गेलो तिनेच परतले पाहिजे असे बंधन नसते. संस्थेच्या कोणत्याही परतीच्या लाँचमध्ये बसता येते. वरच्या मजल्यावर बसायचे असल्यास थोडे जादा पैसे लाँचवर द्यावे लागतात. गेटवेशेजारी रेडिओ क्लबजवळ नव्या जेट्टीचे काम हाती घेतलेले असल्यामुळे चढण्याची जागा बदललेली असू शकते. तिकीट घेताना ती विचारून घ्यावी. स्वच्छतागृहाचा वापर लाँचवर चढण्यापूर्वीच करून घ्यावा.

लाँचवर

लाँच ठरलेल्या मिनिटाला सुटत नाही. पुरेसे प्रवासी बसले की ती निघते, गर्दीच्या दिवशी साधारण दर अर्ध्या तासाला. धक्क्याला दोन-तीन लाँच एकमेकींना खेटून बांधलेल्या असतात, आणि पुष्कळदा एका लाँचवरून दुसरीवर ओलांडून जावे लागते. अशा वेळी दोन्ही हात मोकळे ठेवावेत, मोबाइल खिशात घालावा आणि खलाशी हात पुढे करील तेव्हा तो धरावा. लाटेने लाँच वर आली की तो ‘या’ म्हणतो, त्याच क्षणी पाऊल टाकावे, आधी किंवा नंतर नाही. लहान मुलांना खलाशाच्या हाती दिले तर तो त्यांना सराईतपणे उचलून घेतो.

लाइफ जॅकेट घालणे हा सोपस्कार समजू नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर घारापुरीकडे निघालेल्या लाँचला नौदलाच्या, इंजिनाची चाचणी चालू असलेल्या वेगवान बोटीची धडक बसली, लाँच बुडाली आणि अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर जॅकेटविषयी कडक सूचना आल्या. तरीही उकडते म्हणून ते मांडीवर ठेवणारे प्रवासी दिसतात. जॅकेट अंगात घालून पट्टे कमरेशी घट्ट बांधावेत. सैल जॅकेट पाण्यात मानेवरून वर सरकते. मुलांच्या मापाचे जॅकेट चढतानाच मागून घ्यावे, आणि लाँच क्षमतेपेक्षा अधिक भरली आहे असे वाटले तर खुशाल पुढच्या लाँचची वाट पाहावी.

गेटवे ते घारापुरी हे अंतर सुमारे ११ किलोमीटर असून प्रवासाला एक तास लागतो. ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या मजल्यावर मध्यभागी, इंजिनाच्या धुरापासून दूर बसावे आणि नजर क्षितिजावर ठेवावी. वरचा मजला हवेशीर खरा, पण तो अधिक हेलकावतो. जाताना डावीकडे नौदलाची गोदी आणि युद्धनौका दिसतात. त्यांची छायाचित्रे काढू नयेत. पुढे तोफा रोखलेले मिडल ग्राउंडचे चिमुकले बेट येते, मग जवाहर द्वीप आणि तेथे नांगरलेली तेलवाहू जहाजे, उत्तरेला तुर्भ्याचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्राचे घुमट, त्याच्या अलीकडे हवा स्वच्छ असेल तर अटल सेतूची लांबच लांब रेघ. समोर पूर्वेला न्हावा-शेवा बंदराच्या उंच क्रेन दिसू लागल्या आणि त्यांच्या अलीकडे दोन टेकड्यांचे हिरवे बेट स्पष्ट झाले की उतरण्याची तयारी करावी.

बेटावर उतरल्यावर

धक्क्यापासून बेटाच्या पायथ्यापर्यंत लांब बांध आहे. त्यावर छोटी आगगाडी धावते. मुलांना तिची हौस असते आणि वृद्धांना उपयोग होतो, पण इतरांनी चालत जावे. ओहोटी असेल तर दोन्ही बाजूंना चिखलाचे पसरट पट्टे उघडे पडतात, त्यांत बगळे आणि इतर पाणपक्षी भक्ष्य टिपत असतात, आणि कडेची खारफुटी इतक्या जवळून पाहण्याची संधी मुंबईकराला एरवी क्वचितच मिळते. बांध संपल्यावर घारापुरी ग्रामपंचायतीचा नाममात्र प्रवासी कर भरावा लागतो. तेथून लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या आहेत. चढ अवघड नाही, परंतु उन्हात दमवतो. ज्यांना तो झेपणार नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात, त्यांच्याशी जाण्यायेण्याचा भाव आधी ठरवून घ्यावा. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकाने आहेत आणि वर ताडपत्र्यांची सावली आहे. खरेदी उतरताना करावी, म्हणजे ओझे वाहावे लागत नाही.

माकडांविषयी एक सूचना. येथील माकडे माणसाला भीत नाहीत. हातातली पाण्याची बाटली, चिप्सची पिशवी किंवा मक्याचे कणीस ती सहज हिसकावून नेतात. खाण्याची वस्तू पिशवीत बंद ठेवावी, हिसकावलीच तर तिच्यासाठी ओढाताण करू नये आणि त्यांना मुद्दाम खाऊ घालू नये.

पायऱ्या संपल्यावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची तिकीट खिडकी आहे. भारतीयांना ४० रुपये, परदेशी पर्यटकांना ६०० रुपये आणि १५ वर्षांखालील मुलांना विनामूल्य असा दर आहे. मोबाइलवरून आगाऊ तिकीट काढता येते. बेटावर दूरध्वनीचे जाळे सर्वत्र सारखे मिळत नाही, म्हणून ते मुंबईतच काढून ठेवावे आणि जवळ थोडी रोख रक्कम बाळगावी.

मुख्य लेणे कसे पाहावे

बहुतेक प्रवासी येथे अर्धा तास काढतात. किमान दीड तास द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण एवढ्यासाठीच आपण समुद्र ओलांडून आलेलो असतो. हे लेणे सर्वसाधारणपणे सहाव्या शतकाच्या मध्यास कोरले गेले असे मानले जाते. येथे असलेला शिलालेख पोर्तुगीजांनी काढून नेला आणि तो पुढे हरवला, त्यामुळे निर्मात्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी सापडल्याने अनेक अभ्यासक त्या घराण्याकडे बोट दाखवतात, तर काही कोकणच्या मौर्यांकडे. १९८७ मध्ये युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

आत शिरल्यावर काही मिनिटे नुसते उभे राहावे. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना आतला अंधार सरावण्यास वेळ लागतो, आणि तेवढ्यात घाईने पुढे गेलेल्या माणसाला खांबांपलीकडची शिल्पे दिसतच नाहीत. आज आपण उत्तरेकडून आत येतो. मुळात मुख्य प्रवेश पूर्वेच्या प्रांगणातून होता. हे कळले की लेण्याची रचना उलगडते. पूर्व-पश्चिम रेषेवर चार दारांचे लिंगस्थान आहे आणि त्याच्या प्रत्येक दाराशी धिप्पाड द्वारपाल उभे आहेत. उत्तर-दक्षिण रेषेच्या शेवटी, दक्षिणेच्या भिंतीत, सदाशिवाची महेशमूर्ती आहे. दोन रेषा, दोन दर्शने.

माझी सुचवण अशी की महेशमूर्तीकडे थेट जाऊ नये. प्रवेशाशी उजवीकडे नटराज आणि डावीकडे योगीश्वर आहे, तेथून सुरुवात करावी : एक नृत्यात, दुसरा ध्यानात. नंतर पूर्वेच्या बाजूस जाऊन कैलास हलवणारा रावण आणि त्याच्या समोरचे कैलासावरील शिव-पार्वती पाहावेत, बाहेरच्या पूर्व प्रांगणातील सिंहांच्या पायऱ्या चढून तेथील छोट्या लेण्यात भग्न झालेला मातृकांचा (मातृदेवतांचा) पट्ट शोधावा, आणि मग आत येऊन दक्षिणेच्या भिंतीशी जावे. तेथे डावीकडे अर्धनारीश्वर, उजवीकडे गंगाधर आणि मध्ये सुमारे साडेपाच मीटर उंचीची महेशमूर्ती आहे. तिला त्रिमूर्ती म्हणण्याचा प्रघात असला तरी ब्रह्मा-विष्णू-महेश असा तिचा अर्थ नाही. ही एकाच शिवाची मुखे आहेत. आपल्या डावीकडचे मुख उग्र आहे, त्याला मिशा आहेत, ओठ वळलेले आहेत आणि हातात नाग आहे. उजवीकडचे मुख सौम्य, स्त्रीरूपाकडे झुकणारे, हातात कमळ घेतलेले. मधल्या मुखाचे डोळे मिटलेले आणि खालचा ओठ भरीव आहे. आधी दूरच्या खांबापाशी उभे राहून तिन्ही मुखे एकत्र पाहावीत, मग कठड्यापाशी जाऊन एकेक पाहावे, आणि शेवटी दोन्ही कडांना उभे राहून त्या दोन बाजूंच्या मुखांकडे समोरून पाहावे. तसे पाहिल्यावर प्रत्येक मुख स्वतंत्र मूर्ती वाटू लागते.

पश्चिमेच्या बाजूस दोन शिल्पे समोरासमोर आहेत. कल्याणसुंदर, म्हणजे शिव-पार्वतीच्या विवाहाच्या, शिल्पात मान किंचित झुकवलेली पार्वती शिवाच्या उजवीकडे उभी आहे; अंधकासुरवधात दात विचकलेला, हत्तीचे कातडे उंच धरलेला शिव आहे. दोहोंच्या मध्ये उभे राहून आधी एकीकडे आणि मग दुसरीकडे वळावे. शिल्पांची खूप मोडतोड झालेली आहे, खालचे भाग आणि हात बहुतेक ठिकाणी गेले आहेत; अनेक खांबही पुरातत्त्व खात्याने नव्याने उभे केलेले आहेत. शिल्पांना हात लावू नये, फ्लॅश वापरू नये. मार्गदर्शक घ्यायचा असल्यास अधिकृत परवाना पाहून घ्यावा.

उरलेले बेट आणि जेवण

मुख्य लेण्यापुढची त्याच टेकडीवरची इतर लेणी बरीचशी अपुरी किंवा पडझड झालेली आहेत; ती चालत चालत पाहून होतात. अंगात बळ असेल तर वरच्या टेकडीवर इंग्रजांच्या काळातील दोन प्रचंड तोफा आहेत, तेथवर अर्ध्या तासात चढता येते आणि वरून सबंध बंदराचा पट दिसतो. पूर्वेकडच्या टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, तिकडे सहसा कोणी जात नाही. ज्या दगडी हत्तीमुळे पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले, तो आता येथे नाही. तो भायखळ्याला जिजामाता उद्यानाच्या आवारात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा आहे.

राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ही बेटावरची तीन गावे. २०१८ मध्ये समुद्राखालून तार टाकून येथे नियमित वीज आली. त्याआधी रात्रीचे काही तास जनरेटरवर निघत. गावातल्या स्त्रिया पायऱ्यांवर काकडी, कैरी, आवळे, बोरे विकतात, आणि पायथ्याशी घरगुती धाटणीच्या खानावळींत मासळीचे किंवा शाकाहारी ताट मिळते. मी तरी डबा बांधून नेण्यापेक्षा येथे जेवणे पसंत करेन, कारण गावाचा चरितार्थ याच प्रवाशांवर चालतो. जेवण लेणी पाहून झाल्यावर घ्यावे. बेटावर वापरलेले प्लास्टिक परत मुंबईत न्यावे. तेथून कचरा हलवायचा तर तोही बोटीनेच हलवावा लागतो.

परतताना

परतीच्या लाँच दुपारी सुरू होतात आणि शेवटची साडेपाचच्या सुमारास सुटते. पर्यटकांना बेटावर रात्रीचा मुक्काम करता येत नाही, म्हणून शेवटच्या लाँचवर विसंबू नये. चारला धक्क्याकडे चालू लागावे. सुट्टीच्या संध्याकाळी बांधावर रांग लागते आणि वृद्धांना उभे राहणे कठीण जाते. उतरल्याबरोबर शेवटच्या लाँचची त्या दिवसाची वेळ धक्क्यावरच्या माणसाला विचारून ठेवावी.

मोरा आणि खांदेरी

ही सहल आवडल्यास पुढची पायरी म्हणून भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोरा बंदराला जाणारी लाँच घ्यावी. ती पर्यटकांची नसून रोजच्या प्रवाशांची आहे, भाडे माफक आहे आणि बंदराचे कामकाजी रूप तिच्यातून अधिक दिसते. मोरा बंदरात गाळ साचत असल्यामुळे मोठ्या ओहोटीच्या वेळी लाँच धक्क्याला लागत नाही व सेवा काही तास थांबते; वर दिलेला तिथीचा हिशोब येथे फार उपयोगी पडतो.

खांदेरी बंदराच्या बाहेर, अलिबागजवळच्या थळ गावासमोर आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर दुर्ग बांधण्यास घेतला आणि इंग्रज व सिद्दी यांचा विरोध मोडून तो पुरा केला. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थळांच्या मालिकेत त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. येथे नियमित लाँच नाही. गेटवेहून मांडव्याला जावे (तेथून अलिबागपर्यंतची बस पुष्कळदा तिकिटातच धरलेली असते), वाटेत थळला जाणारा रस्ता विचारून थळच्या बंदरावर कोळी बांधवांची होडी ठरवावी. बेट मुंबई बंदर प्राधिकरणाच्या ताब्यात असल्याने उतरण्याच्या परवानगीविषयी आधी चौकशी करणे आवश्यक आहे. किल्ल्यात वेताळाचे मंदिर, दीपगृह आणि दगडाने वाजवले असता धातूसारखा आवाज देणारा खडक आहे. शेजारच्या उंदेरीवर उतरणे बरेच कठीण असून खडकांमुळे ते पाण्याच्या पातळीवर अवलंबून असते. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, ‘आज नको’ म्हणाला, तर आग्रह धरू नये, खांदेरी पाहून परत फिरावे.